विशूच्या हातातली बंदूक

विशू निघाला तेव्हा शिवाजी पेठेतली अख्खी गल्ली आमच्या दारात जमली होती. विशू माझा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात नोकरीला लागलेला. आईनं त्याच्या हातावर दही घातलं आणि बजावलं, "मशीनपासनं जरा लांबच ऱ्हा की." आम्ही पोट धरून हसलो. मशीन राखायचीच तर त्याची नोकरी!

पुढं मीही वेल्समध्ये, कार्डिफला आलो. एकदा विशूचं जहाज इकडं लागलं. माझ्या फ्लॅटमध्ये त्यानं तांबडा रस्सा केला आणि फायर अलार्म बोंबलायला लागला. शेजारची म्हातारी धावत आली, ती जेवूनच गेली. तिचा काका महायुद्धात अशाच मालाच्या जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा घालायचा. जहाज बुडालं, तो मिळालाच नाही. बंदरावर अशा खलाशांच्या स्मारकाचा दगड आहे, तिथं ती आम्हाला घेऊन गेली. विशू म्हणाला, "दादा, सैनिक नसून बी हितं मान हाय की."

मग त्याच्याच जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. जहाजात होता गहू. युद्ध भलत्याच दोन देशांचं, जहाजावर झेंडा तिसऱ्याचा, मालक चौथ्याच देशातला. आणि मेला कोण, तर पेठेतला विशू! कंपनीनं 'अतीव दुःख' कळवलं. देह मिळाला नाही.

मी घरी धावलो, तर गल्लीच्या तोंडाला भलाथोरला फ्लेक्स. सैनिकाच्या धडावर विशूचं डोकं चिकटवलेलं, हातात बंदूक, मागं युद्धनौका. 'वीर जवान विशू अमर रहे.' खाली इच्छुक उमेदवारांचे हसरे फोटो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्लेक्स लावणाऱ्या तालमीच्या अध्यक्षाला जाब विचारला. लहानपणी एकाच मातीत लोळलेलो आम्ही. तो म्हणाला, "पावणं, तुमास्नी हितलं काय कळतंय? जवान म्हटल्याबिगर कोण हात जोडत न्हाय."

पावणं! मला!

तेवढ्यात आई बाहेर आली. "आधी माझ्या पोराच्या हातातनं बंदूक काढा. त्यो मशीन बघाय गेलता, मानसं माराय न्हाय." फ्लेक्स उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

बंदरावरच्या त्या दगडाची गोष्ट मी आईला सांगितली होती. मी परत निघालो तेव्हा तिनं माझ्या हातावर दही घातलं. म्हणाली, "त्या म्हातारीसंगं जा. तिच्या काकाच्या दगडापाशी विशूच्या नावाचं बी एक फूल ठेव."

तुम्ही विचाराल, आता घर कुठलं? पेठेत मी पावणा झालो, ते दुःख गिळेन. पण इंजिनवाल्या पोराला मान मिळावा म्हणून आईला परमुलखातला दगड शोधावा लागला, तो राग गिळणार नाही. विशूला जवान न करता विशूच म्हणतील, ती माणसं म्हणजे माझं घर. सध्या त्यात दोघीच राहतात, पेठेतली आई आणि कार्डिफची ती म्हातारी.