माझ्याच तोंडची दवंडी

फसली तेराशे तीस, निजामाचं राज. मी पंचवीस वर्षांचा.

चावडीच्या पायरीखाली उभा होतो. वर पटवारी बसलेला, त्याच्या शेजारी गावची चार मोठी माणसं. मुठीत खडे नेलते, माझ्याच रानातले. ओघळानं माती नेली आन हे मागं ठेवलं, एवढंच दाखवायचं होतं.

"मालक, माझं बी नाव लिवा. ओघळाला आडवी दगडाची ताल घालायची हाय."

पटवाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या हलगीकडं.

"हलगी लग्नात वाजती," तो म्हणाला. "म्हून हलगीचं लगीन लागतं का बे?"

सगळे हसले. एकाला हसता हसता ठसका लागला, तर त्याला पाणी दिलं. मला 'जा' म्हणायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

दवंडी मीच दिलती. चार दिवस आधी. गावात दवंडी मांगानं द्यायची, ही आमच्या घराची चाकरी. हुकूम उर्दूत आलता. मला अक्षर येत नव्हतं. पटवाऱ्यानं सांगितला, मी पाठ केला. एकदा ऐकलं की पाठ, याचा मला लई गर्व. "तमाम रयतेला खबर. ज्याच्या रानात ओघळ पडला त्यानं ताल घालावी. दगड सरकार देईल, बियाणं सरकार देईल. नाव चावडीत सांगावं." वेशीत ओरडलो, देवळापुढं ओरडलो. घसा बसला तवा ध्यानात आलं, ओघळ तर माझ्याही रानात हाय.

चाकरीपोटी मिळालेला माळाचा तुकडा. दर पावसाळ्यात थोडा थोडा सिंदफणा नदीत जायचा. बायको म्हणायची, "पुढल्या साली काय खडकावर पेरता?"

म्हणून चावडीच्या पायरीखालून हललो नाही. विचारलं, "तमाम रयतेत आमी कावून न्हाई, मालक?"

"तुला वरडायला सांगितलतं. ऐकायला न्हाई."

खडे तसेच मुठीत आवळून घरी आलो. हसले ते तेवढं लागलं नाही. लागलं ते दुसरंच. आमच्या मांगवाड्यात दवंडी कधी दिलीच जात नव्हती. आज्यानं दिली नाही, बापानं दिली नाही. गावात ओरडायचं आन घरी येऊन हलगी खुंटीला टांगायची. मीही तेच केलतं. शेजारच्या म्हाताऱ्याचं अर्धं रान ओघळानं खाल्लेलं, आन मी त्याच्या दारावरून मुका आलतो. पटवाऱ्यानं हसून जे केलं, ते मी गप राहून केलतं. माझ्याच माणसांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी जाळावर शेकली. मांगवाड्याच्या मधोमध उभा राहिलो.

बाप म्हणाला, "येडा झाला का? गाव काय म्हणंल?"

मी टिपरू हाणलं. सगळा हुकूम म्हणालो, तमाम रयतेपासून. एकच बदललं. नाव चावडीत नाही, माजलगावच्या तहशिलीत सांगावं, म्हणालो.

मग जे आले त्यांना घेतलं आन हलगी वाजवतच, चावडीपुढून, माजलगावच्या वाटेला लागलो.