तांबोशीच्या खवल्यांत पडलेली वाटी

माझ्या डाव्या डोळ्याच्या खोबणीत माझ्याच खालच्या ओठाची आतली कातडी बसवलेली आहे. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी डोळा बघतो, मग ओठ, आणि मग त्याला चेष्टा सुचते. बर्फाच्या कारखान्यातल्या एकाने विचारलं, "म्हणजे आता ठेचा खाल्लास तर डोळा झोंबणार काय रे?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मात्र खरंच विचारून आलो.

डोळा गेला लहानपणी, तिकडे मराठवाड्यात, तुरीची वाळकी काडी, तुराटी, घुसून. मग तालुक्याच्या दुकानातून तयार डोळा आणला. चप्पल आणतात तसा, अंदाजाने. तो खोबणीत कधी नीट बसलाच नाही. सातवीत शाळा सुटली, बर्फाच्या कारखान्यात कामासाठी रत्नागिरीला आलो, तोवर खोबण इतकी आकसली की त्यात डोळा काय, चिंचोकाही राहिला नसता.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. खोबण म्हणजे खिसा. तो मोठा करायचा, आतून ओठाच्या कातडीचं अस्तर लावायचं, आणि पुन्हा आकसू नये म्हणून काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची वाटी आत ठेवायची. काही आठवड्यांनी वाटी काढून तिथे रंगवलेला डोळा. "वाटी पडली तर लगेच निघून या," त्या म्हणाल्या. "खिसा परत आकसला तर सगळं वाया. पुन्हा कातडी लागली तर कुठून आणू? ओठ तरी किती सोलायचा?"

ऑपरेशन झालं. ओठ आतून सोललेला, त्यामुळे भाकरी बंद. बंदराजवळ ज्यांच्या घरात खोली घेतली होती, त्या मावशी मासे विकायच्या. त्यांनी मला दोन आठवडे रोज गार केलेली पेज पाजली. का पाजली, मला अजून कळत नाही. नात्याच्या ना गोत्याच्या. मला मात्र वाटायचं, याची फेड करायला हवी, आणि आजच करायला हवी.

वाटी जागेवर राहावी म्हणून पापण्या शिवल्या होत्या, त्यांचे टाके निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी म्हणालो, "मावशी, आज मासा मी साफ करतो."

"तू? तुझ्या गावच्या नदीला पाणी नाय, तू मासा बघितलास कुठं?"

पण त्यांनी परातीत तांबोशी दिली. लालबुंद, हातभर लांब. डॉक्टरीणबाईंनी धूळ, धूर, डोळा चोळणं, सगळं बंद म्हणून सांगितलं होतं. माशाचं नाव घेतलं नव्हतं. मी सुरी धरली आणि भिंतीचा चुना खरवडावा तशी ओढली. खवलं लाह्यांसारखी उडाली. एक पापणीवर चिकटलं. मी कोपराने पुसलं, जरा जोरातच. आत काहीतरी सटकलं आणि गार वारा लागला.

"मावशी, डोळ्यातली वाटी पडली!"

"हलू नको! पाय उचलू नको!" मग दारातल्या मांजरीकडे वळून, "तू पण!"

परातीत शेकडो खवलं, सगळी वाटीसारखीच आरपार, सगळी तिच्यासारखीच अंगठ्याच्या नखाएवढी. मी दर मिनिटाला ओरडायचो, "सापडली!" आणि मावशी म्हणायच्या, "मेल्या, ती वाकते बघ. खवलंच हाय ते." माझ्या डोक्यात एकच. खिसा आकसतोय. आत्ता आकसतोय. मांजर बसल्या जागी ओठ चाटत होती, तिचाही मला संशय आला.

शेवटी मावशींनी डोळे मिटले आणि परातीत बोटं फिरवायला लागल्या.

"मिटून कशी दिसेल?"

"चाळीस वर्षं खवलं काढतेय. माझ्या बोटांना जे ओळखीचं नाय, ते तुझं."

वाटी तांबोशीच्या कल्ल्यात निघाली. मावशींनी ती उकळलेल्या पाण्यात धुतली, स्टीलच्या डबीत घातली, आणि रिक्षात दवाखान्यापर्यंत डबी पदराखाली धरून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली. नाक जरा मागे घेतलं. "कशात पडली होती?"

मावशी म्हणाल्या, "ताज्या माशात हो बाई. शिळ्या नाय."

बाईंनी वाटी चिमट्याने उचलली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. कपाटातून दुसरी काढली. तिथे तसल्या वाट्यांचा डबाच भरलेला होता.

"हिला शोधण्यात किती वेळ घालवलात?"

"तासभर," मी म्हणालो.

"तो तास वाचवायचा होता ना! मी 'वाटी घेऊन या' म्हटलं होतं का? 'या' म्हटलं होतं."

नवी वाटी बसवताना त्यांच्या कपाळावर आठी होती, आणि मी जेवढे देव आठवत होते तेवढे आठवून संपवले. खिसा थोडा आकसला होता. दाबल्यावर वाटी बसली. बाहेर आल्यावर मावशींनी रिकामी डबी उघडून बघितली. मग म्हणाल्या, "टाकायचीच होती तर माझी बोटं कशाला झिजवली?"

पुढचे आठवडे मी घरात मासा शिजला तरी उंबऱ्याबाहेर बसायचो. खिसा टिकला. डोळा रंगवणाऱ्याने माझ्या उजव्या डोळ्यात बघत बघत डावा रंगवला, शिरांसकट. मावशी मागून सांगत होत्या, "जरा पिवळट कर रे, हा चहा लय पितो."

त्याच दिवशी गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. काही न सांगता चेहरा समोर धरला. आईने फोन डोळ्यांजवळ धरून बघितलं.

"डोळ्याचं राहू दे," ती म्हणाली. "दोन्ही खोल गेलेत. तिथं जेवायला घालतंय का नाही कुणी?"

मी फोन मावशींच्या हातात दिला. त्यांचं उत्तर पेजेपासून सुरू झालं आणि अर्धा तास चाललं.