बाईंच्या शाळेला अचानक भेट

आकडे गोळा करायला गेलं की आकडे थोडेच मिळतात, किस्से मात्र ढिगाने. मी अर्थशास्त्राची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसईत शाळांची पाहणी करत होते. शिक्षक जागेवर असतात का, मुलं शिकतात का, आणि नसतील तर जाब कुणाला विचारायचा. गोखिवऱ्यात एका कारखान्याच्या माळ्यावर आमचं ऑफिस. खाली बाटल्यांची बुचं बनायची, वर आम्ही फॉर्म तपासायचो. पुढे अहवाल जाडजूड झाला, तो कुणी वाचला नाही. किस्से मात्र सगळे ऐकतात.

* * *

आचोळ्याला आमच्या शेजारच्या काकूंना माझी नोकरी कधी पटलीच नाही. "इकॉनॉमिक्समध्ये एमए केलंस आणि हजेरी घेत फिरतेस?"

मी सांगितलं, मुलांची नाही, शिक्षकांची घेते. काकूंनी माझ्या हातावर लाडू ठेवला.

"असू दे गं. बँकेच्या जागा निघतील."

* * *

भुईगावच्या बाजूला एक दोनशिक्षकी शाळा होती. मुख्याध्यापिका बाई आणि एक गुरुजी. आमच्या तिन्ही भेटी न कळवता द्यायच्या, असा नियम. माझी सहकारी विल्मा तिथलीच. पहिल्या भेटीला आम्ही सोमवारी सकाळी पोचलो, तर सगळी मुलं तेल लावून, भांग पाडून रांगेत उभी! बाईंनी शहाळं पुढे केलं. मी विल्माकडे पाहिलं.

"मी फक्त आईला सांगितलं होतं, मॅडम."

आईने फादरना सांगितलं. आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चमध्ये सूचना झाली: "उद्या शाळेला अचानक भेट आहे. पालकांनी मुलांना वेळेवर पाठवावे."

* * *

पालकांकडूनही शाळेला दहापैकी गुण घ्यायचे होते. केळीच्या वाडीत एक आजोबा पाणी सोडत होते. त्यांनी बराच विचार केला.

"बाईंना धा. आमच्या नातवाला दोन. सरासरी तुमी काढा."

शाळेचा वाटा किती आणि मुलाचा किती, यावर आमच्या विषयातल्या लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. मी सहा लिहिलं आणि दोन दिवस स्वतःवर चिडले.

* * *

दुसऱ्या भेटीत बाई नव्हत्या. पोलिओच्या कामाला घरोघर पाठवलं होतं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून शून्य. तीनपैकी दोन शून्यं पडली, की शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन करावी अशी शिफारस जायची. म्हणजे पहिलीतल्या पोरांनी मोठा रस्ता ओलांडायचा.

"मॅडम, सरकारने पाठवलं तिथे गेले," बाई नंतर भेटल्यावर म्हणाल्या. "मग मी गैरहजर कशी?"

"फॉर्ममध्ये रकाना नाही, बाई." हे बोलताना माझी मलाच लाज वाटली. ती शाळा बंद पडायला नको होती मला. हे अर्थशास्त्रात बसत नाही, पण खरं आहे.

* * *

तिसऱ्या भेटीला मी विल्मालाही न सांगता रिक्षा केली. शाळेत गुरुजी एकटेच. अर्ध्या मुलांचे पाढे चालले होते, अर्ध्यांची कविता.

"बाई कुठेत?"

"अर्धा दिवस रजा टाकून गेल्यात."

"कुठे?"

गुरुजी घुटमळले. "तुमच्याच ऑफिसात."

लिहिलं असतं तर दुसरं शून्य. फॉर्म कोराच ठेवून मी परत फिरले. ऑफिसात विल्मा हसू दाबत बसली होती. "बाई येऊन गेल्या. अचानक भेट आहे म्हणाल्या. कोरा फॉर्म मागून घेतला आणि इथेच बसून भरला."

फॉर्म माझ्या टेबलावर होता. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "जागेवर आहेत का? नाही. कुठे? आमची शाळा तपासायला."

त्याच्या खाली बाईंनी पट्टीने एक नवा रकाना आखला होता. त्यात एकच ओळ होती: "कामावरच असल्याने हजर धरावे."