मामाच्या पलंगाच्या फळ्या

माझा धाकटा मामा केस कापतो आणि ताडमाड उंच आहे. दुकानातली खुर्ची मात्र आजोबांच्या मापाची. आजोबा ठेंगणे. त्यांनी ती जमिनीला बोल्टांनी पक्की केली आणि देवाघरी गेले. वडिलांची खुर्ची हलवायची कशी, म्हणून मामा आयुष्यभर तिच्यावर वाकत राहिला. आरशात गिऱ्हाइकाचं तोंड दिसायचं, मामाचा फक्त भांग.

मग एका सकाळी वस्तरा उचलताना उसण भरली. कळ कमरेतून थेट पोटरीत उतरली, पायाला मुंग्या आल्या. मणक्यांमधली एक गादी सरकली होती. झालं! घरातला प्रत्येक जण डॉक्टर झाला. मामीने पलंगावर जाड फळ्या टाकून त्याला निजवलं, कमरेला पट्टा आवळला. थोरल्या मामाने तर निकालच लावून टाकला, "उभ्याचं काम संपलं तुझं. दुकान विक. गिऱ्हाईक मी आणतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस अजून हिंडता-फिरता व्हायचाय आणि हे दुकान विकायला निघाले!

पडून पडून मामा आणखीच आखडला. शेवटी मीच त्याला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "काम कसं करता ते दाखवा." मामा तिथल्या स्टुलावर वाकला.

"अहो, पडून राहिलात तर पाठ अजून कमजोर होईल," बाई म्हणाल्या. "अशी दुखणी बहुतेक वेळा हळूहळू सावरतात. चाला, व्यायाम करा, कामाची उंची बदला. पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा."

"म्हणजे दुकान उघडू?"

"उघडा. थोडं थोडं वाढवत न्या."

मामा चालू लागला, कण्हत का होईना, रोज व्यायाम करू लागला. आणि थोरला मामा गिऱ्हाईक घेऊन दुकानात आला, तेव्हा शेजारच्या सुताराने शेवटचा बोल्ट नुकताच आवळला होता. फळ्या कापून एकावर एक रचलेल्या, वर खुर्ची, चढायला पायरी.

"अहो, या पलंगाच्या फळ्या!" थोरल्या मामाच्या मागोमाग आलेली मामी ओरडली.

"मग? इथे तरी कामाला येतील."

"बाबांची खुर्ची हलवलीस?" थोरला मामा लालबुंद झाला.

"त्यांच्या कमरेला ती चालत होती. ही कंबर माझी आहे."

"आणि पुन्हा दुखली तर?"

"दुखेल की. दुखू दे. दुखतंय म्हणून मी दुकान विकणार नाही."

मामाने कापड झटकलं आणि त्या गिऱ्हाइकाकडे वळला. "दुकान मिळणार नाही. दाढी करायची असेल तर चढा."

तो बिचारा दोघा भावांकडे बघत गुपचूप चढला. मामाने फेस लावला. आरशात त्याच्या तोंडाच्या वर मामाचा अख्खा चेहरा दिसत होता, आणि तो हसत होता.

"दादा, दारात उभा राहू नकोस," मामा म्हणाला. "बस. पुढचा नंबर तुझा."