मुकादम नको म्हणणारे हात

सन २०२२. मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि रोह्याला रंगाच्या पावडरीच्या एका कंपनीत पॅकिंगला मुकादम होतो. शाळा चौथीपर्यंतच. पण मी ‘उचला’ म्हटल्याशिवाय पिंप जागचं हलत नसे. गावात लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मुकादम’ छापत. एकदा कुणी तरी विसरलं, तर मी त्या लग्नाला गेलो नाही.

त्या साली कंपनीने अजाईल नावाची कामाची नवी पद्धत आणली. मालकांनी त्यात भरपूर पैसा घातलाय, असं साहेब सारखं ऐकवत, जसा काही तो आमच्या ताटात वाढला होता. पुण्याहून शिकवणारे सर आले. भिंतीला काचेचा फळा लागला, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. आमच्या बसायच्या खुर्च्या गेल्या. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी टोळीने गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. कामाचं टोळीनेच ठरवायचं. महिनाभर असं करून बघायचं आणि मग टोळीनेच सांगायचं, मुकादम हवा की नको.

“काका, पगार तोच राहील,” सर म्हणाले. “फक्त पद जाईल.”

फक्त म्हणे.

मी सरांना पहिल्याच दिवशी सुनावलं, “आमच्या कासूकडे हे बापजाद्यांपासून हाय. खाडीचा बांध फुटला की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघतो. त्याला आम्ही जोळ म्हणतो. त्याचे कुणी पैसे घेतले नाय.”

“आणि तिथे मुकादम कोण?”

“जो आधी पोचला त्याचं ऐकायचं.”

“मग आम्ही वेगळं काय सांगतोय, काका?”

ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही. पाणी शेतात शिरत असताना वाद घालायला कुणाला वेळ नसतो. कंपनीत असतो. तिथे एक आवाज लागतोच. मला अजूनही असंच वाटतं.

गोल उभं राहिलं की सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघत आणि मग म्हणत, “अडचण नाय.” चारचौघांत अडचण सांगणारा माणूस आमच्याकडे हलका समजतात. टोळीत निडी गावचा एक जण होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, “काल पिंपं भरली, आज पिंपं भरणार, उद्यापण पिंपंच हायत. सर, चहा कधी?” सगळे हसत, मीही हसे. महिना असाच जाईल आणि फळा उतरवतील, अशी माझी खात्री होती.

शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, “अडचण?” आणि गोलातली एक बाई म्हणाली, “हाय.”

ती माझ्याच टोळीतल्या माणसाची बायको. तो गेला तेव्हा तिच्या कामासाठी मी साहेबांच्या दाराशी उभा राहिलो होतो. मला मामा म्हणायची.

“मामा, राग मानू नका,” ती म्हणाली. “माझी लेक तापाने फणफणली होती. ही बाजूला उभी हाय ती माझ्या बदली पाळीला यायला तयार होती. पण तुम्हाला विचारल्याशिवाय पाळी बदलायची कुणाची हिंमत नाय. तुम्हाला किती फोन केले. लागलाच नाय. मी लेकीला शेजारी टाकून कामावर आले.”

तिने फोन केले त्या दिवशी बांधाला खांड पडली होती. मी कमरेएवढ्या पाण्यात होतो आणि फोन घरी पडला होता. हे मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, “मग माझ्या घरी कुणाला तरी धाडायचं होतंस गो.”

“रोह्यावरून कासूला? पाळी सुरू व्हायच्या आत?” फटकळ म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी विचारलं, मुकादम नको असेल त्यांनी हात वर करा. आधी फटकळाचा गेला. मग एकेक करून सगळ्यांचे गेले. ज्याला मी पिंप तिरपं करून फिरवायला शिकवलं त्याचाही. त्या बाईचा तेवढा खालीच राहिला. ती जमिनीकडे बघत होती. वर गेलेल्या हातांपेक्षा तो खाली राहिलेला हात मला जास्त लागला. कुणी माझी कीव करावी, एवढा मी कधी वाकलो नव्हतो.

सुटताना ती गेटपाशी थांबली होती.

“मामा, उद्या येणार ना?”

“बघू गो.”

“बघू नाय. गोलात तुमची जागा ठेवते.”



दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा शर्ट घातला, बायकोने दिलेला डबा घेतला, नेहमीच्या वेळी निघालो आणि स्टेशनच्या वाटेवरून बांधाकडे वळलो. ओहोटी लागली होती. खेकड्यांनी बांधाला बिळं पाडली होती. ती वेळेवर बुजवली नाहीत तर पुढच्या उधाणाला तिथूनच पाणी शिरतं. फावडं आणलं नव्हतं. बाह्या वर केल्या आणि हातानेच चिखल काढून एकेक बीळ बुजवत गेलो. पाठीमागून रोह्याची गाडी गेली. थोड्या वेळाने खिशातला फोन वाजायला लागला. हात कोपरापर्यंत चिखलाचे होते. मी तो वाजू दिला.