पडद्यामागची बाजू

मानवतला पक्कं थेटर झालं, त्याआधी सिनेमा कापसाच्या जिनिंगात लागायचा. हंगाम संपून शेड झाडून निघाली की हैदराबादच्या शेठचा माणूस मशीन घेऊन हजर. या शेठची रेल्वेच्या रस्त्याला जालना, परभणी, नांदेड अशी थेटरं होती. एकच सिनेमा डब्यांत भरून गावोगाव फिरायचा आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर इतका झिजायचा की नायिका रडते आहे की पावसात भिजते आहे, ते आपणच ठरवायचं.

शेडच्या मधोमध पातळ पांढरं कापड ताणलेलं असायचं. पुढच्या बाजूला पुरुष आणि मशीन, कापडाच्या मागे जनाना. त्यामुळे आम्हा बायकांना चित्र आरशातल्यासारखं दिसायचं. नायक डाव्या हाताने जेवायचा, भटजी डाव्या हाताने अक्षता टाकायचे. खेळ सुटताना निजामसाहेबांची तसबीर यायची, तीही उलटीच, आणि तिच्यापुढे आम्ही अदबीने उभ्या राहायचो. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी कायदा करून टाकला, "आपल्याकडून समदं उलटं दिसतंय. उजवं दिसलं की डावं समजायचं." साऱ्या बायका तो कायदा पाळू लागल्या.

या बाजूचा एक फायदा मात्र होता. खेळ सुरू होण्याआधी पुरुषांकडे गॅसबत्ती जळायची आणि आमच्याकडे अंधार. त्या पातळ कापडातून सगळे पुरुष लख्ख दिसायचे, त्यांना मात्र आम्ही दिसायचो नाही. पडदा आमच्यासाठी लावलेला, पण उघडे पडायचे ते. कोण पान खाऊन खांबावर थुंकतो, घरात वाघ असलेला कोण सावकारापुढे मांजर होतो, सगळं आम्हाला पाठ होतं. मला तर सिनेमापेक्षा हेच जास्त आवडायचं.

माझ्या नणंदेला बोरीचं स्थळ आलं ते याच दिवसांत. मुलीने मुलगा बघायचा, ही रीत तेव्हा नव्हती. पण आमच्या मालकांचा बहिणीवर फार जीव. ते मला म्हणाले, "पोराला मी शिनेमाला आणतो. माझ्या उजव्या हाताला बसवतो. तिला कापडाआडून बघू द्या. न्हाई म्हणली तर इथंच मोडू." आमच्या घरात बाईच्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट पहिल्यांदाच ठरणार होती. नणंद दिवसभर धड जेवली नाही.

संध्याकाळी आम्ही तिघी कापडाला नाक लावून बसलो. मालक मधे. एका बाजूला एक सावळा, दणकट माणूस मांडीवर हात ठेवून गप्प बसलेला. दुसऱ्या बाजूला एक गोरा, हसरा तरुण हातवारे करून बोलत होता. नणंदेने विचारलं, "दादाचा उजवा हात कोणता वं?" सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "गप बसलाय तो दादाच्या उजव्या हाताला दिसायलाय न्हवं? मंग तो डावा. आपला पोरगा दुसरा." आम्हा दोघींनाही ते पटलं. कापडावरचं चित्र उलटं होतं, कापडापलीकडचा माणूस होत नाही, हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

नणंद त्या हसऱ्या तरुणाकडे बघत राहिली. सिनेमा सुरू झाला तरी तिचं लक्ष चित्रात नव्हतं. घरी मालकांनी विचारलं, "काय मग?" ती मान खाली घालून म्हणाली, "पसंत हाय." याहून जास्त भावाशी बोलायची रीत नव्हती.

लग्नात मी तिच्या मागेच उभी होते. अंतरपाट खाली आला. समोर तो सावळा, गप्प माणूस हार घेऊन उभा. नणंदेने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "वैनी, हा न्हाई," एवढंच ती पुटपुटली. वाजंत्री सुरू झाली होती. तिने हार घातला. तो हसरा तरुण जालन्याच्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि दोन लेकरांचा बाप होता, हे आम्हाला पुढे कळलं.

नवरा वाईट निघाला नाही. त्याने तिला मारलं नाही, टाकून बोलला नाही. मुळात तो बोलायचाच नाही. आधी खळखळून हसणारी माझी नणंदही त्याच्यासारखीच होत गेली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे शेठने मानवतलाही पक्कं थेटर उठवलं. दगडी पायऱ्या, खाली शहाबादी फरशी, आणि जनाना वर, पुरुषांच्या पाठीमागे. नणंद माहेरपणाला आली तेव्हा मी तिला मुद्दाम घेऊन गेले. खेळ सुरू व्हायचा होता. आमच्या कठड्याला पडदा होता, तिने तो बोटभर सरकवला. खाली मालक बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताला तिचा नवरा, मांडीवर हात ठेवून गप्प. ती बराच वेळ बघत राहिली.

"वैनी, हितून तर समदं बराबर दिसतंय," ती म्हणाली. "ह्या शेठला थेटर आधी बांधाया काय झालं होतं?"

दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला. नायक उजव्या हाताने जेवत होता.