बियाण्याच्या खिडकीवरचा हातगुण

आमच्या कृषी विद्यापीठात कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी लगेच यादी केली. वाढदिवसाला फूल, कामांची अदलाबदल, तज्ज्ञांचे व्याख्यान. व्याख्यानाला सगळे आले, चहा प्यायले आणि पुन्हा आपापल्या फायलींमागे गेले.

शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ लिपिक बाईंनी तर फूलही घेतले नाही. बढती हुकल्यापासून त्या कामापुरत्याच बोलत. "गणपती झाले की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देते," असे त्यांनी मला सांगून ठेवले होते. नोकरीला लागल्यापासून आम्ही डबा वाटून खात आलो. त्या जायला मला नको होत्या, पण थांबा म्हणायला माझ्याकडे कारण नव्हते.

खरिपाच्या कांद्याचे बी विक्रीला आले. माणसे कमी, म्हणून मागच्या वर्षीसारखे मी बाईंनाच एका खिडकीवर बसवले. दुसरीवर एक सहायक. दोन खिडक्या, दोन सारख्या रांगा. आखणी चोख होती. तासाभरात बाईंची रांग फाटकापर्यंत गेली आणि सहायक माश्या मारत बसले.

मी रांग मोडायला गेले. "तिकडे मोकळे आहे, चला."

मिरजगावची एक शेतकरीण जागची हलली नाही. "न्हाई. गेल्या साली ह्याच बाईंच्या हातचं बी नेलं हुतं. वाफा असा गच्च उगवला! हातगुण हाय त्यांना."

"मग माझ्या हाताला काय काटे आहेत का, मावशी?" सहायक ओरडले.

"तुमचा हात तुमच्या बायकोला लखलाभ!"

रांग खो खो हसली. दोन्ही खिडक्यांवरचे बी एकाच गोदामातले होते. ते सांगायला बाईंनी तोंड उघडले आणि मिटले. मग पुडा नुसता सरकवला नाही; दोन्ही हातांनी तिच्या पदरात ठेवला. "यंदाही चांगलं येऊ दे."

पुढच्या प्रत्येकाला त्यांनी तसाच पुडा दिला. कुणाला गाव विचारले, कुणाला विहिरीचे पाणी. इतके बोलताना मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. मी रांग आहे तशीच राहू दिली.

संध्याकाळी खिडकी बंद करताना त्या म्हणाल्या, "रब्बीच्या बियाण्यालाही मीच बसते."

"ते गणपतीनंतर येतं," मी जपून म्हटले.

"माहीत आहे मला. पण ती मिरजगावची बाई सुनेला घेऊन येणार आहे. मी नसले तर ती कुणाच्या हातून घेईल?"

"बरं," मी म्हटले आणि तोंड दुसरीकडे करून कुलूप लावले.